उभं वाळलेलं बन

आमच्या ताईला माणसांपेक्षा गवत जास्त आवडायचं, आणि हे ती लपवायचीही नाही. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. सुट्टीच्या दिवशी सगळं जग उशिरापर्यंत लोळत पडलेलं असताना ती माझ्या दुकानाचं शटर ठोठावायची आणि म्हणायची, चल, एकटी बसले की होडी कलते. म्हणजे मी कशाला हवी, तर वजनाला. मीही काजं करायची, बटणं लावायची राहिलेली कामं पिशवीत भरायचे आणि निघायचे. शिवणकाम करणारीला सुट्टी अशी नसतेच, आणि होडीत निदान गिऱ्हाइकं तरी येत नाहीत.

शेवटच्या रस्त्याच्या मागे तळं होतं. त्याच्या बाकीच्या कडांना भिंती, घरं आणि धक्के आले होते, पण पाणी जिथे आत शिरून वळतं त्या एका कोपऱ्यात बोरूचं बन उरलं होतं. बोरू म्हणजे गवतच, पण एका माणसाच्या खांद्यावर दुसरं उभं केलं तरी शेंड्याला हात लागणार नाही एवढं उंच. होडी त्यात शिरली की आवाज बदलायचे. रस्त्यावरचा हॉर्न कुठल्या तरी दुसऱ्याच दिवशी वाजतोय असं वाटायचं. उजेड हिरवा व्हायचा, माझ्या मांडीवरच्या पांढऱ्या शर्टावर पानांच्या सावल्या पोहायला लागायच्या आणि मला हटकून पेंग यायची. ताई बोलत असायची. ऐकणारं माणूस अर्धवट झोपेत असलं तर तिला उलट बरंच वाटायचं.

त्यामुळे बोरूबद्दल मला जे काही माहीत आहे ते सगळं झोपेच्या वाटेने आत आलेलं आहे. ताई सांगायची, बघ, याची पानं सगळी एकाच बाजूला झुकलेली दिसतात, कारण पानाचा बुडखा खोडाला नुसता गुंडाळलेला असतो आणि वारा येईल तसा फिरतो. मी डोळे किलकिले करून बघायचे, तर खरंच सगळं बन एका दिशेला तोंड करून कोणाची तरी वाट बघत उभं असायचं. ती सांगायची, याचे तुरे एवढे भरघोस, पण बी बहुतेक पोकळच, त्यावर याचा भरवसा नसतो. याचा सगळा कारभार खाली, चिखलात. तिथे आडवं खोड धावतं आणि जागोजाग वर कोंब काढतं. मी म्हणायचे, हं. सुई बोटातून सुटून होडीच्या तळाशी पडायची आणि मग आम्ही दोघी ओणव्या होऊन ती शोधायचो.

एक गोष्ट मात्र तिने इतक्यांदा सांगितली की ती झोपेतही पाठ झाली. तळातल्या चिखलात हवा नसते. तिथलं खोड आणि मुळं श्वास घेतात ते वर उभ्या असलेल्या पोकळ काड्यांमधून. तुरे येऊन गेले की वरचं सगळं बन वाळतं, नवे कोंब जेमतेम हातभर असतात, आणि तेवढ्यात तळ्याचं पाणी चढतं. त्या दिवसांत नव्या-जुन्या सगळ्यांचा श्वास चालतो तो त्या वाळलेल्या, तुटक्या, करड्या काड्यांवर. "वाळलेत," ती वल्ह्याने त्यांना हळूच बाजूला सारत म्हणायची, "पण कामावर आहेत."

आणि तिला एक कोडं पडलेलं होतं. बनाच्या मधून एक फळ्यांची वाट जायची, पूर्वी कोणी मासे धरायला बांधलेली. वाटेच्या अलीकडचं बन आणि पलीकडचं बन ही दोन वेगळी झाडं, की खालून हात धरून बसलेलं एकच? ताई होडी पलीकडे नेऊन एका खुंट्याला बांधायची आणि तिथे तासन्‌तास बसून विचार करायची. खणून बघता आलं असतं, पण खणायचं म्हणजे तोडायचं, आणि ते तिच्या जिवावर यायचं. "यांना एकदा इथे आणायला हवं," ती म्हणायची. "हवा कुठून शिरते आणि कुठून निघते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण होडीत बसतील तर ना."

'यांना' म्हणजे भावोजींना. भावोजी प्लंबर. पुस्तकात बोरूला नळ असंही नाव आहे, त्यावरून दोघांची थट्टा लग्नातच करून झाली होती, आता त्यात काही राम उरला नव्हता. नेटका माणूस. त्यांच्या वर्कशॉपच्या भिंतीवर पाइप जाडीप्रमाणे लावलेले, कोपरे एका खोक्यात, जोड दुसऱ्यात, आणि चुकीच्या खोक्यात पडलेला एक वॉशर त्यांना जेवणावरून उठवू शकायचा. अख्ख्या जगावर त्यांचा एकच राग होता. गच्चीवर हवेचा एक पाइप उभा असतो, व्हेंट म्हणतात त्याला. त्यातून पाणी वाहत नाही, काही नाही, नुसता आभाळाकडे तोंड करून उभा असतो. घर सजवायला निघालेली माणसं तो कापून टाकतात आणि मग खालची सगळी लाइन कोंडते. अशा घरून आले की भावोजी हातपाय न धुता ताईला ते सविस्तर ऐकवायचे, आणि ताई मान डोलवायची.

उघड्या पाण्याला मात्र भावोजी घाबरायचे. लहानपणी कधी तरी बुडता बुडता वाचले होते. पाण्याशी आपली ओळख तोटीपुरती, असं स्वतःच सांगून हसायचे. त्यामुळे ताई तळ्यावर जायची तेव्हा ते रस्त्याच्या टोकापर्यंत यायचे, वल्ही तिच्या हातात द्यायचे आणि मागे फिरायचे. घरी दोघं सगळ्या विषयांवर बोलायची, भांडायची, पुन्हा बोलायची, पण बोरूचा विषय कधी निघायचा नाही. तो तळ्यावरच राहायचा.

मागच्या वर्षी ताई गेली. ताप आला, उतरला, पुन्हा चढला, आणि आम्ही नीट घाबरायच्या आतच सगळं संपलं. भेटायला येणाऱ्यांनी आमचं डोकं उठवलं. ती सुखात गेली म्हणे, जशी काही ही माणसं सोबत जाऊन बघून आली होती. मी एकीला दारातूनच परत पाठवलं आणि त्याचं मला अजून वाईट वाटत नाही. भावोजी सगळ्यांचं निमूटपणे ऐकून घ्यायचे. लोक गेले की वर्कशॉपमधली खोकी रिकामी करायचे आणि पुन्हा लावायचे.

मग शाळांच्या युनिफॉर्मचा हंगाम आला आणि मी मशीनवरून मान वर काढली नाही. तळ्याकडे फिरकलेच नाही. खरं तर जायचंच नव्हतं, होडीत माझं वजन तोलायला आता दुसऱ्या बाजूला कोण होतं? कपडे पोचते झाले त्या संध्याकाळी भावोजी दुकानात आले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळलेला दिसत होता. म्हणाले, मेव्हणीबाई, शटर ओढ, तुला एक दाखवायचंय.

ते मला तळ्यावर घेऊन गेले. फळ्यांच्या वाटेवर माझ्या पुढे चालले, दोन्ही हात पसरून, तोल सावरत, पण चालले. आणि वाट संपली तिथे थांबून मागे वळले. बन नव्हतं. दोन्ही बाजूंना नुसतं पाणी, आरशासारखं साफ, आणि त्यात वीतभर खाली एका रेषेत कापलेले खुंट. त्यांनी एकेक वाळलेली काडी करवतीने कापली होती. कमरेएवढ्या पाण्यात उतरून, रोज थोडी थोडी. हे सांगताना त्यांचा आवाज अभिमानाने भरून आला होता. सगळं कसं मोडून, वाळून, करडं पडलं होतं. तिची जागा, आणि अशी उकिरड्यासारखी, त्यांना बघवेना. आता नवे कोंब कसे मोकळे, स्वच्छ वर येतील. कापलेल्या काड्या त्यांनी जाडीप्रमाणे मोळ्या बांधून काठावर रचून ठेवल्या होत्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी रागीट आहे, गिऱ्हाइकांना विचारा. पण तोंड उघडलं आणि समोर तो माणूस दिसला, जो आयुष्यभर पाण्याच्या काठावरून मागे फिरला होता आणि तिच्यासाठी कमरेएवढ्या पाण्यात उतरला होता. त्याने विचारलं, आवडलं असतं ना तिला? मी म्हटलं, हो. खरं ते गिळायला जितकं जड गेलं तितकाच हा एक शब्द बाहेर काढायलाही.

त्यानंतर वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि तळं चढायला लागलं. मी दुकानात बसून चुकीच्या जागी काजं पाडत होते. स्वप्नात मला बन दिसायचं. उभं, वाळलेलं, सगळी पानं एका बाजूला. आणि ताई होडीतून खाली वाकून पाण्याला कान लावून बसलेली. काय ऐकतेयस, असं मी विचारायचे. ती बोटाने गप्प बस म्हणून खुणावायची. मी जागी व्हायचे तेव्हा माझाच श्वास अडकलेला असायचा. त्यांना सांगावं तर त्यांनी ती गोष्ट जिवाला लावून घेतली असती. न सांगावं तर चिखलात तिचं बन गुदमरत होतं, आणि कोंब पाण्याच्या वर पोचायच्या आत संपणार होतं. मला दोन्ही बघवणार नव्हतं.

शेवटी तेच आले. दुपारची वेळ होती, दुकानात कोणी नव्हतं. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले आणि माझी मापाची टेप हातात घेऊन गुंडाळायला लागले. तळ्यावर वास येतोय, म्हणाले. कुजका. साचलेल्या पाण्याचा वास वेगळा असतो, हा कोंडलेल्या लाइनचा वास आहे, आयुष्य गेलं तो वास घेण्यात. टेप पूर्ण गुंडाळून झाली तेव्हा त्यांनी वर बघितलं.

"खरं सांग. मी तिथे काही बिघडवलंय का?"

"ते वाळलेले होते, भावोजी, पण निकामी नव्हते," मी म्हटलं. "खालच्या मुळांना हवा त्यांच्यातून जायची. पाणी चढतं तेव्हा ते पाण्याच्या वर उभे असायला लागतात."

ते छताकडे बघत राहिले. त्यावरून त्यांनीच टाकलेला एक पाइप गेला होता.

"व्हेंट," ते म्हणाले. "मी व्हेंट कापले."

मी मशीनचं चाक उगाच हाताने फिरवलं, थांबवलं.

"तिने तुला हे सांगितलं होतं?"

"हो."

"मला नाही सांगितलं," ते म्हणाले, तक्रार केल्यासारखं नाही, एखादं माप घेतल्यासारखं. त्यांना तळ्यावर आणायचं ताईचं ते होडीतलं वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. पण त्या घडीला ते सांत्वनासारखं वाजलं असतं, आणि सांत्वनाला ते वर्षभर विटले होते.  ते उठले, टेप जागेवर ठेवली. "काड्या फेकल्या नाहीत मी," असं म्हणून निघून गेले.

बन वाचलं, हे इथेच सांगून टाकते. ऐकणाऱ्याला टांगून ठेवणारी माणसं मला आवडत नाहीत. पूर्ण नाही, पण वाचलं. मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं.

मेणाचा दोरा घेऊन तळ्यावर ये, असा भावोजींचा रात्री निरोप आला होता. सकाळी मी पोचले तर ते होडीत बसलेले होते. काठाला बांधलेल्या होडीत, पण बसलेले, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून. पायाशी मोळ्या, लेव्हल काढायची ती पारदर्शक नळी बोटाबोटाएवढे तुकडे करून, आणि एक बारीक लांब सळई. मला म्हणाले, मेण लावलेला दोरा आणलास का? मी आणला होता. कोटाची बटणं लावायला वापरते तो. मी चढले, होडी हलली, त्यांनी डोळे मिटले, मी वल्हं मारलं.

धुकं होतं. काठ कधी सुटला ते कळलंही नाही. मधेच एक पाणपक्षी येऊन एका मोळीवर बसला, आमच्याकडे बघून वैतागल्यासारखा उडाला. भावोजींनी त्याच्याकडे डोळे उघडून पाहिलं आणि मग ते उघडेच राहिले. खुंट आता कोपरभर पाण्याखाली गेले होते. त्यांनी बाही वर केली, हात पाण्यात घातला आणि नुसत्या बोटांनी खुंट शोधला. सळई त्यात हळूच घालून आतल्या पेरांचे पडदे मोकळे केले. नळीचा तुकडा खुंटावर बसवला. मोळीतून त्याच जाडीची काडी काढली. नेटकेपणाचा असा उपयोग होईल असं आमच्यापैकी कोणाला वाटलं होतं? तिचीही पेरं भोसकून ती नळीत खोचली, आणि मी वाकून वरून दोरा आवळला. काडी पाण्याबाहेर उभी राहिली, अगदी पूर्वीसारखी, फक्त पाण्याखाली तिला एक काचेसारखं कडं होतं.

असं आम्ही करत राहिलो. बोलणं बेताचंच होत होतं. मला पुन्हा ती जुनी पेंग यायला लागली, हात मात्र चालू होते. धुक्यात एकेक करडी काडी उभी राहत होती, आणि आपण कोणाच्या तरी स्वप्नाला टाके घालतोय असं मला वाटत होतं. वाटेच्या अलीकडचा एक तुकडा असा भरला. पलीकडे जायला ना धड काड्या उरल्या होत्या, ना नळी. तिकडचं बन गेलं म्हणायचं, असं मी मनाशी म्हटलं.

भावोजी मात्र काडीकडे बघत बसले होते. म्हणाले, लाइन टाकली की टेस्ट केल्याशिवाय उठायचं नसतं. आणि त्यांनी एका काडीला तोंड लावलं, छाती भरून घेतली आणि फुंकलं.

काही झालं नाही. पुन्हा फुंकलं. बाजूच्या एका उघड्या खुंटातून बुडबुडे वर आले, त्यापुढच्या दुसऱ्यातून आले. लाइन चालू आहे, असं म्हणून ते हसले, आणि तिसऱ्यांदा सगळा जीव ओतून फुंकलं. गाल लाल झाले, गळ्याच्या शिरा वर आल्या. तेव्हा मी फळ्यांच्या वाटेकडे बघत होते. वाटेच्या पलीकडे, ताई होडी बांधायची त्या खुंट्याशेजारी, पाणी जरासं हललं. मग तिथे बुडबुड्यांची एक बारीक माळ वर आली आणि फुटली.

मी नुसतं बोट केलं. त्यांनी बघितलं, पण नवल वाटलं नाही त्यांना. पाइपमधून हवा जाते यात नवल ते काय. एकच लाइन आहे ही, ते म्हणाले, इकडची आणि तिकडची, खालून जोडलेली. इकडे व्हेंट दिला की तिकडेही पोचेल.

मी रडायला लागले. ते घाबरले, होडी उलटते की काय असं त्यांना वाटलं असावं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. ताईचं कोडं, तो खुंटा, ती तिथे तासन्‌तास का बसायची ते. आणि ते वाक्य, तिच्याच शब्दांत. यांना एकदा इथे आणायला हवं. हवा कुठून शिरते आणि कुठून निघते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

त्यांनी काडीवरचा ओला हात काढून होडीची कडा धरली.

"कधी म्हणाली?"

"कधी काय, नेहमीच म्हणायची."

"मग मला का नाही विचारलं?"

"तुम्ही होडीत बसत नव्हता ना, भावोजी."

धुकं विरत चाललं होतं आणि पलीकडचा खुंटा आता स्वच्छ दिसत होता. त्यांनी होडीच्या कडेवरचा हात काढला, मांडीला पुसला.

"आता बसलोय की," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता, पलीकडे बघत. आणि काडीवर वाकून त्यांनी पुन्हा फुंकलं.